पुरात मदतीला उतरायचंय, तर पाणी येण्याआधी या

प्रश्न असा आहे: "मी पलूस तालुक्यातला, वय 26, नोकरी मिरजेत. नदीकाठी वाढल्यामुळे पोहायला चांगलं येतं. 2019 च्या पुरात आम्ही घरात अडकलो होतो, लोकांनीच आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा तशी वेळ आली तर मला बचावकार्यात उतरायचं आहे. कुठं नाव द्यायचं, काय शिकायचं? घरचे नको म्हणतात. आणि ज्या कामाला पगार नाही त्यात माणसं वर्षानुवर्षं टिकतात तरी कशी?"

पोहता येतं हे चांगलंच आहे. पण कृष्णाकाठाला पोहणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. सांगलीच्या घाटांवर, हरिपूरला, तुमच्या भिलवडी-औदुंबरकडं पोरं लहानपणीच पाण्यात उतरतात. होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणारी मंडळी बघितली की दंडात काय ताकद आहे ते कळतं. वाण आहे ती वेगळ्या माणसाची. मे महिन्याच्या उन्हात सरावाला येणारा, "तू आज काठावर थांबून नावं लिही" म्हटलं तर तोंड वाकडं न करता नावं लिहिणारा, आणि पाणी अजून गल्लीच्या तोंडाशी असताना एखाद्या आजीला घर सोडायला राजी करणारा. असा माणूस व्हायची तयारी असेल तर या, तुमची फार गरज आहे.

पुरातलं सगळ्यात मोठं बचावकार्य नाव पाण्यात सोडण्याआधी होतं. हे मी आमच्या बचाव पथकाच्या सरावाच्या पहिल्या दिवशी सांगतो आणि नव्या पोरांचे चेहरे पडतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बोट असते, फेसाळतं पाणी असतं. पण हिशोब बघा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर यांसारख्या सखल वस्त्यांत मात्र 40 च्या आधीच पाणी शिरतं. म्हणजे इशारा पातळी गाठेपर्यंत तिथल्या काही घरांच्या चुली विझलेल्या असतात. 2005 साली पाणी 54 फुटांच्या घरात गेलं होतं आणि त्या पुराच्या खुणा लोकांनी भिंतींवर जपून ठेवल्या होत्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा गावोगावी एकच बोलणं होतं: 2005 ला आमच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं, त्याच्या वर काय येत नाही. सामान माळ्यावर टाकलं आणि माणसं वरच्या मजल्यावर जाऊन बसली. पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं. 2005 पेक्षा सुमारे साडेतीन फूट जास्त, म्हणजे जिथं काहीच येणार नाही असं धरलं होतं तिथं माणूस कमरेपर्यंत पाण्यात. मग वीज गेली, प्यायचं पाणी संपलं, मोबाइल बंद पडले, आणि जी माणसं आदल्या दिवशी पायी बाहेर पडू शकली असती ती खिडकीतून हात करत बसली. 2021 मध्ये पाण्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली, पण तेव्हा बरीच घरं आधी रिकामी झाली. पोळलेल्या लोकांनी ऐकलं.

म्हणून पहिलं शिक्षण नदी वाचण्याचं. कोयना धरण 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफूट पाण्याचं. तिथून विसर्ग वाढला की ते पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि बहे, ताकारी, भिलवडी असे पूल ओलांडत सांगलीला येतं. यात साधारण एक दिवस मिळतो, मधल्या खोऱ्यात पाऊस किती आहे त्यावर थोडा कमी-जास्त. हा एक दिवस आपली सगळी पुंजी आहे. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. चांदोली धरणातून वारणेला मोठं पाणी सुटलं असेल तर कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं, आणि सांगलीत ऊन पडलेलं असतानाही आयर्विनला फूट चढत राहतात. लोक आभाळाकडं बघून ठरवतात, ते इथंच फसतं. पाटबंधारे खातं पावसाळ्यात या पुलांच्या पातळ्या जाहीर करतं. त्या रोज वहीत लिहायची सवय लावा. भिलवडीचा आकडा चढतोय, थांबलाय की उतरतोय, हे तुम्हाला तुमच्या गल्लीतल्या माणसाला सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर फिरणारे धरणफुटीचे मेसेज खोडून काढायलाही हीच वही कामाला येते.

मग येतं लोकांना बाहेर काढणं. सरकारी गाडी भोंग्यावरून सांगून जाते, लोक दारात उभं राहून ऐकतात आणि आत जातात. त्यांना दोष देऊ नका, प्रत्येकाचं कारण खरं असतं. चोरीची भीती असते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं. निवारा केंद्रात सुनेला, लेकीला अवघडल्यासारखं होईल ही काळजी असते. आणि गावाकडं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जनावर. एका मळ्यात एक आजोबा काही केल्या हलेनात. त्यांची म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. आमच्यातल्या दोघांनी तासभर समजावलं, पाण्याचा आकडा सांगितला, नातवाला फोन लावून दिला. आजोबा ऐकून घ्यायचे आणि पुन्हा गोठ्याकडं जायचे. शेवटी पथकातल्या एका शेतकऱ्यानं बोलणंच थांबवलं. तो उंचावरच्या वस्तीत जाऊन ओळखीच्या माणसाकडं गोठ्यात एक जागा आणि दोन पेंढ्या वैरण सांगून आला, मग म्हशीचं दावं सोडून आजोबांच्या हातात दिलं. म्हैस निघाली, तिच्यामागं आजोबा निघाले, त्यांच्यामागं आजी भांड्यांचं बोचकं घेऊन निघाली. तिथं नाव लागलीच नाही. आता आम्ही पावसाळ्याआधीच ठरवून ठेवतो की कुठल्या मळ्यातली जनावरं कुठल्या उंचावरच्या गोठ्यात जाणार आणि टेम्पो कुणाचा. सेवाभाव म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी त्या शेतकऱ्याकडं बोट दाखवीन.

आता नावेकडं येऊ, कारण तुमचं मन तिथं आहे हे मला ठाऊक आहे.

8 ऑगस्ट 2019. तुमच्याच तालुक्यातलं ब्रह्मनाळ, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. पुरातून लोकांना बाहेर नेणारी नाव उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. त्या दिवशी कुणाच्याही मनात मदतीची भावना कमी नव्हती. आपल्या माणसांना वाचवायलाच नाव निघाली होती. पण नावेत माणसं जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. आम्ही जे नियम शिकवतो त्यामागं ही माणसं आहेत, म्हणून त्यांत सूट नाही.

नावेची क्षमता जेवढी तेवढीच माणसं, आणि लहान मूल म्हणजे पूर्ण एक माणूस. जॅकेट नावेत बसल्यावर घालायचं नाही, घराच्या दारातच घालायचं. त्याचा पायांमधून येणारा पट्टा बांधल्याशिवाय जॅकेटाला अर्थ नाही, कारण पाण्यात पडल्यावर ते वर सरकून डोक्यातून निघतं. नऊवारी नेसलेल्या आजींना परक्या पोरानं तो पट्टा बांधणं नको वाटतं, आणि त्या नको म्हणतात म्हणून आपणही सोडून देतो. तिथं पथकात बाई लागते. तुमच्या ओळखीत बहीण, वहिनी, मैत्रीण कुणी तयार असेल तर सोबत आणा. आमच्याकडं मुली कमी आहेत आणि त्यांच्यावाचून अडतं.

चढताना एका वेळी एकच माणूस. पाऊल नावेच्या मधोमध टाकायचं आणि लगेच खाली बसायचं. उभं राहून कुणाला हात द्यायचा नाही. गाठोडं नंतर, माणूस आधी. पण त्या गाठोड्यात सातबारा, रेशनकार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या असतात, त्यामुळं ते टाकून द्या असं म्हणायचं नाही. शेवटी घेऊ म्हणायचं आणि खरंच घ्यायचं. घराला नाव लावताना प्रवाहाच्या खालच्या अंगानं, तोंड वरच्या अंगाला ठेवून यायचं, म्हणजे इंजिन बंद पडलं तर नाव भिंतीवर आदळत नाही, मागं सरकते. गल्लीत शिरलं की इंजिनचा पंखा वर उचलायचा आणि बांबूनं चाचपत पुढं जायचं. खाली गेटचे टोकदार गज, बुडालेल्या मोटारी, उघडी गटारं असतात आणि रबरी बोटीला एक गज पुरतो. मोकळ्या पाण्यात उसाचा पाला, जलपर्णी, वाहून आलेलं कापड पंख्यात गुंडाळतं, म्हणून कोयता आणि दोन वल्ही कायम नावेत. महावितरणनं त्या भागातला पुरवठा तोडल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तीत नाव घालायची नाही. पाणी उंच असलं की तारा डोक्याला लागतात. झाडांवर, माळ्यांवर साप चढून बसलेले असतात. या पट्ट्यात नदीला मगरी आहेत आणि पुरात त्या कुठं असतील याचा भरवसा नाही.

या सगळ्यात अवघड काय असतं, तर नाव भरल्यावर गच्चीवर उरलेल्या माणसाला "परत येतो" सांगून निघणं. तो हात जोडतो, त्याची बायको रडते, नावेत बसलेले त्याचे शेजारीच म्हणतात, "घ्या की अजून एकाला, काय हुतंय." नाव चालवणाऱ्यानं नाही म्हटलं की नाही. तिथं वाद घालायचा नाही. फक्त त्या माणसाचं नाव वहीत लिहायचं, वेळ लिहायची, त्याच्यासमोर लिहायची, आणि पुढची फेरी तिथूनच सुरू करायची. वही लिहिणारा माणूस म्हणूनच महत्त्वाचा आहे. पेन्सिलनं लिहा, पेनची शाई ओली होऊन पसरते. कुठल्या घरातून किती आले, कुणाला कुठल्या निवाऱ्यात नेलं, कोण अजून आत आहे, हे तिथं नसेल तर रात्री बोटी रिकाम्या घरांसमोर हाका मारत फिरतात आणि भरलेलं घर राहून जातं.

पाण्यात उडी मारणं हा शेवटचा उपाय. आधी काठी किंवा बांबू पुढं करायचा, ते पोचत नसेल तर दोर टाकायचा, दोर पोचत नसेल तर नाव न्यायची, आणि यातलं काहीच शक्य नसेल तरच, तेही कमरेला दोर आणि अंगात जॅकेट असेल तर, उतरायचं. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि त्या मिठीत चांगले पोहणारेही गेलेत. बाहेर काढल्यावर त्याचं पोट दाबून पाणी काढणं, पाय धरून गरागरा फिरवणं, हे सगळं बंद करायला हवं. गावात अजूनही हे पहिल्यांदा करतात आणि मोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीनं, 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत. हे सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवून शिकावं लागतं, व्हिडिओ बघून हाताला ताकद किती लावायची ते कळत नाही.

आमच्या आधीच्या पिढीनं गुऱ्हाळातल्या काहिलीतून माणसं पुरातून काढली, वाळल्या भोपळ्यांच्या सांगडीवर नदी ओलांडली. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी ते केलं. आपल्याकडं जॅकेटं आहेत, तर ती बांधूनच पाण्यावर जायचं.

नाव कुठं द्यायचं? विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, तिथं जा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत 18 ते 40 वयाच्या स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विम्याची तरतूद होती. आता पुढची तुकडी आहे का, कधी, आणि विमा कधीपर्यंत लागू, हे तिथंच विचारून घ्या. तुम्ही नोकरीला मिरजेत असलात तरी नाव गावच्या यादीतही द्या, कारण पाणी चढल्यावर रस्ते बंद होतात आणि तुम्ही ज्या काठाला आहात त्याच काठाला उपयोगी पडता. स्वयंसेवी पथकात जायचं असेल तर आधी एक दिवस त्यांचा सराव बघा. साहित्य कोण तपासतं, नाव कुणाच्या हुकुमानं सुटते, प्रशासनाला कळवल्याशिवाय ते पाण्यात उतरतात का, हे विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं पथक शोधा. एनडीआरएफचे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाचे जवान पुण्याहून येतात तेव्हा त्यांच्याकडं साहित्य असतं, कसब असतं, पण कुठली गल्ली कुठं सखल होते आणि कुठल्या घरात दमेकरी आजी आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्या बोटीत पुढं बसून वाट दाखवणारा गावचा माणूस हीच तुमची पहिली कामगिरी असेल, आणि ती छोटी नाही.

सातारा-रायगडकडच्या डोंगरात याच कामाचं दुसरं रूप बघायला मिळतं. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली, तेव्हा महाबळेश्वर आणि पोलादपूरकडचे स्थानिक ट्रेकर दोर लावून त्या खोल दरीत उतरले आणि मृतदेह वर आणले. तिथं जिवंत माणूस मिळण्याची आशा फारशी नव्हती, तरी ते उतरले, कारण वर नातेवाईक उभे होते. पुढं 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, तेव्हाही चिखलातून पहिल्यांदा धावले ते शेजारच्या वाड्यांमधले लोक. पाण्याचं काम येणाऱ्यानं कड्यावर उतरू नये आणि कड्याचं येणाऱ्यानं पुरात, एवढंच सांगतो. दोन्ही शिकायचं असेल तर दोन्ही वेगवेगळं शिका.

आणि पूर दरवर्षी येत नाही, अपघात रोज होतात. प्रथमोपचार शिकून घेतलेत तर ते रस्त्यावर आधी वापराल. जखमीला दवाखान्यात नेलं तर पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता धरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 134अ आलं, त्यानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

माणसं टिकतात कशी, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. नुसत्या भावनेवर कुणी टिकत नाही, हे मी बघितलंय. पहिल्या पुरात जीव तोडून काम करणारी काही मुलं पुन्हा दिसत नाहीत. दिवस-रात्र न झोपता राबतात, कुणाचा तरी मृतदेह हाताळतात, घरी जातात आणि कुणाशी बोलत नाहीत. आता आम्ही पाळ्या लावतो. पाळी संपली की काठावरून घरी, हिरोगिरी नको. पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच. पूर ओसरल्यावर सगळे एकत्र बसतात आणि ज्याला जे बोलायचं ते बोलतो, रडायचं असेल तर रडतो. कामावरून सुट्टी कशी मिळणार हे मालकाशी पावसाळ्याआधी बोलून ठेवायचं. हे सगळं असलं की टिकायला होतं.

आणि टिकवणारी दुसरी गोष्ट म्हणजे आपली माणसं. 2019 ला पाणी ओसरायच्या आधी जत, कवठेमहांकाळ, तासगाव या दुष्काळी भागांतून भाकरी आली. कपड्यात बांधलेली, वर चटणीचा गोळा. ज्यांच्याकडं स्वतःला प्यायला टँकर लागतो त्या गावांच्या बायकांनी पहाटे उठून थापलेली. ती भाकरी मी काठावर उभ्यानं खाल्ली आहे. पगाराचा विचार त्यानंतर माझ्या मनात आला नाही.

तुम्हालाही कुणी तरी बाहेर काढलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या घरच्यांनी त्या दिवशी पाणी जवळून बघितलंय, म्हणूनच ते नको म्हणत असतील. त्यांच्याशी वाद घालू नका. वडिलांना एकदा सरावाला घेऊन या. जॅकेट कसं बांधतात, नावेत घ्यायला कधी नाकारतात, पाळी संपली की पोरांना कसं घरी पाठवतात, हे त्यांना डोळ्यांनी बघू द्या. आमच्याकडं विरोध करायला आलेले एक वडील आता वही सांभाळतात.

सराव उन्हाळ्यात, नदी खाली असताना होतो. तोवर एक काम आजपासून करता येईल. तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात किती माणसं, कोण आजारी, कोण गरोदर, जनावरं किती, जवळचं उंचावरचं घर कुणाचं, हे लिहून काढा आणि ग्रामपंचायतीत एक प्रत द्या. नोंदणीला जाताना आधारकार्ड, दोन फोटो आणि रक्तगट लिहून न्या. अडीअडचणीला घरातल्या कुणाला कळवायचं, तो नंबरही मागतील. तिथं वडिलांचा नंबर द्या, आणि त्यांना सांगूनच द्या.